तालमीतलं लग्न

त्या दुपारी रानडुकरीण पायऱ्यांवर आडवी पसरली नसती, तर रेनाना त्या माणसाच्या शेजारून मान खाली घालून निघून गेली असती. पण इस्राएलच्या हैफा शहरात डुकरांचं राज्य. कार्मेल डोंगराच्या उतारावरून ती खुशाल खाली येतात, कचऱ्याचे डबे उलथतात आणि वाटेत मनसोक्त लोळतात. वरच्या पायरीवर रेनाना, कडेवर कपड्यांचं गाठोडं. खालच्या पायरीवर तो, खांद्यावर चार लांबलचक वासे. आणि मधोमध ती बया, पिलांना पाजत, कुणाच्या बापाची पर्वा न करता.

"तू आधी ये," तो खालून म्हणाला.

"हिच्या अंगावरून?"

"मग मी येतो."

"वासे घेऊन? तिला वाटेल, मारायला आलाय."

त्याने क्षणभर विचार केला, वासे भिंतीला टेकवले आणि सरळ पायरीवर बसून घेतलं. घाई नाही, चिडचिड नाही. रेनानाला मोठी मौज वाटली. तीही बसली... आणि बसल्याबसल्या चौकशा सुरू केल्या, कारण चौकशी केल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. वासे कसले? मित्राच्या लग्नाचे. कोण मित्र? गिलाद. म्हणजे शाकेदचा गिलाद? तोच. मग तर हे वासे तिच्याकडेच निघाले होते! गिलाद आणि शाकेदचा हुप्पा, म्हणजे चार वाशांवर ताणायचा ज्यू लग्नाचा मांडव, रेनानाच शिवत होती. तेवढ्यात डुकरिणीचं पाजून झालं आणि ती उठून निघून गेली. हे दोघं मात्र बराच वेळ उठले नाहीत.

त्याचं नाव इतामार. शाळेत भूगोल शिकवायचा. बोलायचा कमी, ऐकायचा फार, आणि ऐकताना मान अशी एका बाजूला कलती करायचा की समोरच्याला वाटावं, आपण आजवर असं शहाणपणाचं काही बोललोच नव्हतो.

रेनानाचा धंदा तसा नवाच. हल्लीच्या पोरापोरींना हॉलमधला भाड्याचा मखमली मांडव नको असतो. आपला, आपल्या माणसांचा हवा असतो. मग घरोघरचे कपडे तिच्याकडे येतात. शाकेदच्या आजीचा बगदादहून आणलेला डोक्याचा रुमाल, गिलादच्या बापाचा गोदीतला निळा सदरा, बालवाडीतली चादर, आणि दारूचा डाग पडलेला एक टेबलक्लॉथ. तो डाग धुवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती, कारण तो ज्या रात्री पडला, त्याच रात्री गिलादने शाकेदला मागणी घातली होती. सगळंच त्यांना आपल्या मनासारखं हवं होतं. खुर्च्या पाहुण्यांनी घरून आणायच्या, तेव्हा सोफ्यापासून स्टुलापर्यंत काहीही येणार होतं. सात आशीर्वाद सात जणांनी द्यायचे आणि प्रत्येकाने पुढे पदरची दोन वाक्यं जोडायची. लग्नाच्या शेवटी पायाखाली फोडायचा पेला शाकेदने स्वतः काचेच्या कारखान्यात जाऊन फुंकला होता. तो वेडावाकडा होता, पण फुटायचाच तर आहे, असं तिचं म्हणणं. आजीचा हट्ट तिने एकच मानला: लग्नाआधी आठवडाभर नवरानवरीने एकमेकांचं तोंड पाहायचं नाही.

आणि इथेच घोडं पेंड खायला बसलं.

गुरुवारी पाइनच्या झाडीत रंगीत तालीम होती. गिलादला यायची बंदी. शाकेदला तर सगळं पाहुण्यांच्या जागेवरून बघायचं होतं. तेव्हा नवऱ्याच्या जागी इतामार आणि नवरीच्या जागी रेनाना उभी राहिली. एक वासा उझीने धरला, दुसरा बोआझने. दोघेही गिलादचे सैन्यातले मित्र, दोघेही शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस, कडक पाळणारे. उरलेले दोन झाडांना बांधले. समुद्राकडून वारा येत होता आणि मांडव पोट फुगवून डुलत होता.

फेऱ्यांची पद्धतही शाकेदने बदलली होती. एरवी नवरी नवऱ्याभोवती सात फेरे घालते. इथे तीन तिने घालायचे, तीन त्याने, आणि सातवा दोघांनी हात धरून. सातव्या फेऱ्यात इतामारने रेनानाच्या चपलेवर पाय दिला. ती हसली... तो लाल झाला... आणि हात सुटायला हवे होते, ते राहूनच गेले.

"आता अंगठी," शाकेद दगडावरून ओरडली. "आणि नुसतं हं हं करू नका रे, नीट सगळं म्हणा. मला बघायचंय शेवटच्या रांगेत ऐकू येतं का ते."

अंगठी गिलादच्या घरी. इतामारने आपल्या बोटातली काढली. आजोबांची, चांदीची, साधी. रेनानाने बोट पुढे केलं. आणि मग, वर्गात नकाशा वाचावा तशा खणखणीत आवाजात, पण तिच्या डोळ्यांत बघत, तो म्हणाला, "मोशे आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे, ह्या अंगठीने तू मला वाहिली गेलीस."

शेवटच्या रांगेपर्यंत अगदी स्वच्छ ऐकू गेलं. शाकेदने टाळ्या वाजवल्या. उझीने मात्र हातातला वासा झाडाला टेकवला आणि पुढे आला.

"अरे, काय करून बसलास तू?" तो म्हणाला. "तुझ्या मालकीची अंगठी. पूर्ण वाक्य. तिने आपणहून बोट पुढे केलं. आणि मी न् बोआझ, दोन चोख साक्षीदार. आणखी काय लागतं लग्नाला?"

मस्करीची कुस्करी म्हणतात ती हीच. उझी चार वर्षं धर्मग्रंथ शिकलेला, त्यामुळे त्याला हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती. हे लग्न झालं की नाही, ते रब्बीच, म्हणजे धर्मगुरूच, सांगतील. नसेलच झालं, तर उत्तम. पण शंका राहिली, तर काडीमोड घ्यावा लागेल. लग्नासारखंच रीतसर. शाकेद रडवेली होऊन म्हणाली, माझ्या मांडवात माझ्याआधी दुसरीचंच लग्न लागलं.

रेनानाला हसू आवरेना. "मग काडीमोडच देऊन टाक बाबा," ती इतामारला म्हणाली. "कटकट मिटली."

"मी कोहेन आहे," इतामार हळूच म्हणाला.

कोहेन म्हणजे जुन्या मंदिरातल्या पुरोहितांचं कूळ. मंदिर पडून दोन हजार वर्षं झाली, पण नियम उभेच आहेत. कोहेनाने काडीमोड झालेल्या बाईशी लग्न करायचं नाही. मग ती त्याचीच सोडलेली बायको का असेना.

"म्हणजे एकदा मी तुला सोडलं, की तू मला कायमची बंद," इतामारने खुलासा केला.

"बरं मग?" रेनाना अंगठी परत देत म्हणाली. "मला कुठे कोहेनाशीच संसार थाटायचाय?"

तो हसला नाही. त्याने अंगठी खिशात टाकली आणि वासे सोडायला लागला.

रब्बींचं नाव शुकरून. ते लेकीकडे गेले होते. रविवारी सकाळी येणार. तोवर रेनाना लग्नाची की बिनलग्नाची, हे खुद्द रेनानालाही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी सकाळी इतामार तिच्या खोलीत मांडवाला वाशांचे फास बसवायला आला. काम अर्ध्या तासाचं, पण तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. ती शिवत होती आणि प्रश्न विचारत होती. चुकून का होईना नवरा असलाच, तर माहिती नको का?

"घोरतोस?"

"कुणी सांगायला नाही आलं अजून."

"भांडण झालं तर काय करतोस?"

"फिरायला जातो. तासाभराने परत येतो, आणि चूक माझी असली तर मान्य करतो."

"आणि माझी असली तर?"

"तर दोन तासांनी येतो."

मशीन थांबलं. ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण हा माणूस दोन तास गेला तर काय होईल याचाच विचार करतोय. त्याने तिच्या पुढ्यातला निळा सदरा उचलून विचारलं, ह्यात खिसा का ठेवलास? ती म्हणाली, गिलादचा बाप त्यातून पोरांसाठी गोळ्या आणायचा, तेव्हा लग्नात त्यात गोळ्या ठेवणार आहे मी, कुणाला सांगू नकोस. इतामारने खिशावरून एकदा बोट फिरवलं. मान कलती झाली.

संध्याकाळी तिच्या आईने, यार्देनाने, त्याला शब्बाथच्या जेवणाला थांबवून घेतलं. जावई नसेल तर नसेल, म्हणाली, जेवून तर जाईल. यार्देना ट्युनिसची. तिच्या कुसकुसला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. इतामारने ताट पुसून खाल्लं, यार्देनाला भांडी उचलू लागला आणि तिच्या नवऱ्याची, रेनानाच्या वारलेल्या वडिलांची, गोष्ट सबंध ऐकली. घरातल्या कुणीच ती गेल्या कित्येक वर्षांत सबंध ऐकली नव्हती.

तो गेल्यावर आई म्हणाली, "बरा आहे गं. काडीमोड घ्यायला जरा जास्तच बरा आहे."

 गुरुवारी जे रेनानाने हसत हसत मागितलं होतं, ते आता मिळेल की काय, याची तिला धास्ती बसली. रब्बींनी एकदा कागद लिहिला, की संपलं. पायऱ्यांवर भेटला तरी नुसतं ओळखीचं हसायचं. काडीमोड टाळायचा तर रविवारीच संसार मांडायचा. आणि असं घाईघाईत, तालमीच्या अंगठीवर, कुणी संसार मांडतं का? आवडायला लागून एक दिवस झाला होता. तिला त्याच्याशी भांडून बघायचं होतं. पावसात भिजून, बसची वाट पाहून, कंटाळून बघायचं होतं. त्याला लाल होताना आणखी बघायचं होतं. एवढं सगळं बघायच्या आधीच दार लागणार होतं.

रविवारी रब्बी शुकरून सिनेगॉगमागच्या खोलीत चहा पीत बसले होते. आधी त्यांनी उझी आणि बोआझला विचारलं. दोघांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. मग ते इतामारकडे वळले. म्हणाला तेव्हा मनात काय होतं? नुसती तालीम, की खरंच?

साधा प्रश्न, सोपं उत्तर. तालीम होती म्हणायचं, घरी जायचं. रेनानाने मनातल्या मनात त्याला शंभरदा तसं सांगितलं. पण इतामारला खोटं बोलता येत नसे, त्याला आता कोण काय करणार?

"सुरुवात केली तेव्हा तालीम होती," तो म्हणाला. "वाक्य संपलं तेव्हा... नव्हती, रब्बी."

उझीने कपाळावर हात मारला. रब्बींनी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणजे पंचाईत, ते म्हणाले. आता सगळं मुलीवर. तिनेही अंगठी मनापासून घेतली असेल, तर तुम्ही नवराबायको आहात. मग संसार तरी करा, नाहीतर मला काडीमोड लिहावा लागेल, आणि तू कोहेन आहेस, पुढचं तुला सांगायला नको. त्यांनी चष्मा सारखा केला आणि रेनानाकडे पाहिलं.

"बाळ, त्या वेळी तुझ्या मनात होतं?"

इतामार तिच्याकडे बघत होता. आयुष्यात कुणी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. किती गोड वाटलं असतं म्हणायला! पण ते आजचं होतं. गुरुवारी, खरं सांगायचं तर, ती नुसती मजा बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "गुरुवारी नव्हतं."

इतामारची मान खाली गेली. रब्बींच्या मिशीत मात्र काहीतरी हललं.

"गुरुवारी नव्हतं," त्यांनी सावकाश म्हटलं. "आणि नंतर..."

"रब्बी, नंतर—"

"नाही, नाही, गप्प बस! मी गुरुवारचंच विचारलं. पुढचं माझ्या कानावर घालू नकोस, नाहीतर पुन्हा ग्रंथ काढावे लागतील." त्यांनी पेला उचलला. "मुलीची संमती नव्हती. लग्न झालंच नाही. काडीमोड नको, काही नको. पळा."

बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. इतामार पुढे पुढे चालत होता, हात खिशात घालून. रेनानाने त्याला बाही धरून थांबवलं.

"मी खरं तेच बोललो," तो म्हणाला. 

"मीपण."

"हं. ऐकलं मी."

"काय ऐकलंस, कर्म माझं? 'नाही' म्हटलेलं ऐकलंस. 'गुरुवारी' म्हटलेलं नाही ऐकलंस." तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला. "आज 'हो' म्हटलं असतं तर एकतर काडीमोड झाला असता, नाहीतर तालमीतलाच नवरा पदरात पडला असता. मला दोन्ही नकोय. मला तू हवायस. सावकाश हवायस. पुरता हवायस. कळतंय का, भूगोलाच्या मास्तरा?"

कळायला त्याला जरा वेळ लागला. मग मान कलती झाली, चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि हात खिशातून बाहेर यायला लागला. त्यात अंगठी होती.

रेनानाने घाईघाईने त्याचा हात पुन्हा खिशात कोंबला आणि मागे वळून पाहिलं. उझी आणि बोआझ, तेच दोन चोख साक्षीदार, दाराशी उभे होते, कान टवकारून.

"तुम्ही दोघं," ती म्हणाली, "आधी घरी जा."