चार बोटं जास्त

वीज गेली तशी भाचरं गच्चीवर मामांभोवती येऊन बसली. मामांनी घसा साफ केला.

ही माझ्या साडूंची गोष्ट. हाडाचे बँकवाले. नव्या फ्लॅटमध्ये भिंतभर काचेचं कपाट केलं. रविवारी मोठे साहेब जेवायला येणार, बढती त्यांच्या हातात, आणि साहेबांना म्हणे वाचणारी माणसं आवडतात. साडूंनी जन्मात वाचलं काय, तर लिफ्टमधली सूचना! शनिवारी गेले जुन्या पुस्तकांच्या दुकानात. टेप घेऊन.

"टेप कशाला, मामा?"

कपाटाची लांबी मोजून भरायची होती ना! तिथे माणसं तास तास हरवलेली. एक बाई पुस्तक उघडून नुसता वास घेत होती. साडू म्हणाले, "रद्दीत नाक खुपसायला बरा वेळ मिळतो लोकांना!" स्वतः सोफ्याला शोभतील अशी चॉकलेटी पुस्तकं उचलत सुटले. एकावर दुकानदारानं हात ठेवला.

"हे राहू द्या. एक आजोबा रोज उभ्यानं वाचतात. पानाचा कोपरा दुमडतात, आणि कोणी नेऊ नये म्हणून मागे लपवतात."

"मग विकत घ्यावं की त्यांनी!"

"ते उन्हाळ्यातच गेले. पण कोपरा... अजून पुढे सरकतोय."

साडूंनी हसत ते पिशवीत टाकलं.

घरी बघतात तर कपाट उथळ. पुस्तकं चार बोटं बाहेर, काच लागेना. साडूंनी सुतार बोलावला आणि पुस्तकंच कापली! करवतीनं, उघडायच्या बाजूनं. सगळ्या ओळी अर्ध्या. तुकडे वॉचमननं शेकोटीत घातले. "उघडणार कोण आहे?" साडू म्हणाले.

"मी उघडते हं माझी," मोठी भाची उगाचच म्हणाली.

कपाटाला कुलूप. किल्ली उशाखाली. त्याच रात्री, दोनच्या सुमाराला, साडूंना जाग आली. बाहेरच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं. म्हातारा आवाज.

"तिनं दार उघडलं आणि..."

शांत. पान उलटलं.

"त्याच्या हातात एक..."

शांत.

मग आवाज दाराशी.

"पुढे?"

साडूंनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

मग उशाशी.

"पुढे काय...?"

"मला... माहीत नाही हो आजोबा. मी वाचलं नाही."

मग एक सुस्कारा. साडू सांगतात, शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा त्यांना इतकं तुच्छ लेखलं नव्हतं.

सकाळी किल्ली उशाखालीच. कपाटाचं दार मात्र उघडं. साडूंनी लोटलं. लागेना. आजोबांचं ते पुस्तक चार बोटं बाहेर आलेलं. अख्खं.

साहेब आले ते सरळ त्याच्यापाशी. "वा! हे वाचताय? शेवट काय होतो हो?"

साडू नुसते कपाटाचं दार लोटत राहिले.

"बढती गेली?"

गेलीच. पण दार आजही लागत नाही, पोरांनो. मी स्वतः ढकलून पाहिलंय.