एलोडीचं ताट

पाहुण्यांसाठीची यादी क्लेमेन्सा स्वतःच्या हाताने लिहायची. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर दोन रात्री राहून निघून जाणाऱ्या माणसाने काय काय करावं, त्याच्या आठ ओळी. सँडी बेटावर होडीने जाऊन पोहणे. विंडवर्डला होड्या बांधणाऱ्यांचं काम बघणे, पण मध्ये लुडबुड न करणे. पॅरडाइझच्या किनाऱ्यावर भाजलेला मासा खाणे. जॅक आयर्न रम नुसती चाखणे, कारण त्या रममध्ये बर्फसुद्धा बुडतो, मग तुम्ही काय चीज आहात. हे शेवटचं वाक्य वाचून पाहुणे हसायचे, आणि ते हसले की क्लेमेन्साला बरं वाटायचं. घरात हसणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळच्या बोटीने डेन्मार्कची एक तिशीची मुलगी आली. नाव सिग्ने. क्लेमेन्साच्या चुलतभावाने, अ‍ॅन्स्लमने, तिला धक्क्यावरून आपल्या गाडीतून आणून सोडलं.

"क्लेमे, ही तुझी पाहुणी. वाटेत मला पाच वेळा थँक्यू म्हणाली. एवढी सवय आम्हाला नाही, जपून वापर."

"तू आधी बॅग आत ठेव. जिभेला हाड नाही मेल्याच्या."

सिग्ने हसली. क्लेमेन्साने तिच्यासमोरच यादी पुरी केली आणि खाली नववी ओळ घातली: 'शनिवारी आमच्या घरी मोठं जेवण आहे. पोटभर जेवा, लाजू नका.' ती ओळ तिने मनापासून लिहिली होती. पुढे किती वेळा तिला वाटलं, तेवढी एक ओळ मी लिहिली नसती तर...

शनिवारी तिच्या आईच्या, एलोडीच्या, थडग्यावर दगड बसायचा होता. आमच्या बेटावर माणूस मातीत गेलं की लगेच त्याच्यावर दगड बसवत नाहीत. घरचे सगळे परतून जमेपर्यंत पाच वर्षं जातात, दहा जातात. तोवर मेलेलं माणूस निम्मं इथेच असतं असं आम्ही धरून चालतो. एलोडीला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि जिच्यामुळे खोळंबा झाला ती तिची एकुलती एक लेकच होती.

क्लेमेन्सा इंग्लंडात हडर्सफील्डला सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. आईशी झालेल्या शेवटच्या फोनवर ती तिला म्हणाली होती, नाताळला येते. गेली नाही. सुटी मिळत होती, तरी गेली नाही. थंडीत एवढा प्रवास नको वाटला, बस्स, एवढंच कारण. एलोडी नाताळभर दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिली आणि जानेवारीत गेली. त्या फोनबद्दल क्लेमेन्साने कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या मावशीलासुद्धा नाही. बेटावर परत आल्यापासून मात्र आई तिच्या स्वप्नात यायची. दारात उभी, हातात रिकामं ताट. बोलायची नाही.

"भुकेली आहे ती," मेनोरा मावशी म्हणाली. एलोडीची ही धाकटी बहीण एक्याऐंशीची होती, पण तिचा शब्द अजून घरात चालायचा. "दगड आण. ताट मांड. पोट भरलं की जाईल निजायला."

शुक्रवारी संध्याकाळी कोरलेला दगड घरी आला. रीतीप्रमाणे तो शेवटच्या खोलीत, आईच्याच पलंगावर आडवा ठेवला आणि वर पांढरी चादर घातली. शेजारच्या टेबलावर ताट मांडलं. मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू, तुरीचे दाणे, बकऱ्याचा रस्सा आणि एक मुद्दाम काटेरी मासा. एलोडीला काटेरी मासाच आवडायचा. खाऊन झाल्यावर सगळे काटे ती ताटाच्या कडेला ओळीने लावायची, मोठ्यापासून अगदी नखाएवढ्यापर्यंत. एलोडी जेवते की कुंपण घालते, असं शेजारणी तिला चिडवायच्या. क्लेमेन्साने ताटाजवळ रमचा पेला भरून ठेवला, मेणबत्ती लावली आणि दार ओढून घेतलं. ते दार उजाडल्यावर थोरल्या लेकराने उघडायचं असतं. आतलं अन्न आधी मेलेल्याचं, मग पोराबाळांचं. इथे दोन वर्षांच्या पोरालाही हे सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच क्लेमेन्साने ते सिग्नेला सांगितलं नाही.

पहाटे अंगणात चुली पेटल्या. क्लेमेन्सा बायकांबरोबर पातेली उतरवत होती. धूर, ओवा, मटण यांचा वास दाटला होता. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं तशी ती हात धुऊन आत गेली. बोळाच्या टोकाचं दार उघडं होतं.

मेणबत्ती विझलेली. तिच्या वातीचा वास, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास... जायफळाच्या तेलाचा. एलोडी गुडघ्यांना जे चोळायची त्याचा. घरात ते तेल नऊ वर्षांत आलं नव्हतं.

सिग्ने टेबलाशी बसली होती. मांडीवर रुमाल, समोर स्वच्छ ताट.

"गुड मॉर्निंग," ती कुजबुजली. "फार लवकर आले का मी? यादीत लिहिलं होतं... आणि दाराच्या फटीतून मेणबत्ती दिसली. मला इतकी भूक कधीच लागली नव्हती."

"तुम्ही... हे सगळं खाल्लंत?"

"चुकलं का काही?" तिने पलंगाकडे नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "कोणीतरी झोपलंय ना, म्हणून आवाज न करता जेवले. त्या मध्येच कूस बदलत होत्या."

क्लेमेन्साने पलंगाकडे पाहिलं. चादरीखाली दगड होता. चार गड्यांना उचलावा लागला होता तो. मग तिने ताट पाहिलं. कडेला माशाचे काटे ओळीने लावलेले होते, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत.

"आणि रम?"

"नाही हो," सिग्ने म्हणाली. "मी दारू घेत नाही."

पेला कोरडा ठणठणीत होता.

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि काठी जमिनीवर टेकली. अंगणात माणसं जमायला लागली होती. ढोल तापवत ठेवले होते.

"ताट रिकामं झालं ना? मग दगड बसेल."

"पण मावशी, गेलं कोणाच्या पोटात?"

"आता मोठ्याने बोललीस तर सगळं गाव ऐकेल. ती पोरगी आज जे मागेल ते दे. नाही म्हणू नकोस."

दगड बसला. ढोल वाजले, रम शिंपडली, नाव सगळ्यांनी वाचलं. क्लेमेन्साचं लक्ष तिथे नव्हतं. सिग्ने गर्दीच्या मागे उभी होती आणि कंटाळलेल्या म्हातारीसारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. क्लेमेन्साला भीती वाटत होती हे खरं, पण भीतीच्या बरोबरीने दुसरंही काहीतरी वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिला आनंद झाला होता. आई जेवली होती.

दुपारी पंगत बसली. क्लेमेन्सा वाढत वाढत सिग्नेपाशी आली.

"अजून वाढू का?"

सिग्नेने मान वर केली. "नाताळला येणार होतीस ना तू?"

डाव पातेल्यात पडला. रस्सा दोघींच्या अंगावर उडाला.

"काय... काय म्हणालात?"

सिग्नेचा चेहरा पांढराफटक पडला. "माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. मला... माझी तब्येत बरी नाही बहुतेक. त्याचा अर्थ काय?"

क्लेमेन्सा तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. भरल्या पंगतीत, रश्श्याने माखलेल्या हातांनी तिने त्या परक्या मुलीचे पाय धरले. "चुकले मी. आळस केला गं. नुसता आळस. दुसरं काही नव्हतं." सिग्ने घाबरून रडायला लागली. अ‍ॅन्स्लमने क्लेमेन्साला उठवून घरात नेलं आणि बाहेर येऊन लोकांना सांगितलं की बाईने उपाशीपोटी रम घेतली. लोक हसले. तो हसला नाही.

रविवारी साडेतीनची बोट होती. सकाळीच मावशी येऊन दारात उभी राहिली.

"दगडाखाली कोणी नाही, क्लेमे. मी आत्ता तिथूनच आले. हाक मारली की मातीखाली कोण आहे ते कळतं मला." तिने आवाज खाली आणला. "त्या पोरीला पाण्यापलीकडे जाऊ देऊ नकोस. ती गेली की तुझी आईपण गेली. मग तू कोणाची माफी मागणार?"

सिग्ने यादीतली उरलेली ओळ पुरी करायला समुद्रावर गेली होती. क्लेमेन्साने तिच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून पासपोर्ट काढला आणि झग्याच्या खिशात घातला. आयुष्यात कुणाची सुईही न उचललेली बाई होती ती. विमान चुकलं तर आठ दिवस, कदाचित जास्त. आठ दिवसांत ती आईला सगळं सांगणार होती.

दुपारी अ‍ॅन्स्लमने बाहेर हॉर्न वाजवला. सिग्ने बॅग तिसऱ्यांदा उपसत होती. कपडे जमिनीवर, यादी पलंगावर, नऊच्या नऊ ओळींवर खुणा केलेल्या.

"इथेच होता... इथेच ठेवला होता. मी आईला सांगितलंय, उद्या संध्याकाळी पोचते म्हणून. तुम्हाला माहीत नाही ती कशी आहे. खुर्ची दाराकडे फिरवून बसते. मी येईपर्यंत उठतच नाही."

क्लेमेन्सा भिंतीला टेकली. पासपोर्टचा कोपरा तिच्या मांडीला टोचत होता. आपली खुर्ची, आपलं दार, आणि तिकडे थंडीतलं दुसरं दार, दुसरी खुर्ची. एका आईला तसं बसवून ठेवलं होतं तेवढं पुरे नव्हतं का?

तिने वाकून गादीखाली हात घातल्यासारखं केलं. "हा बघा. खाली घसरला होता."

सिग्नेने तिला घट्ट मिठी मारली. तिच्या मानेला जायफळाच्या तेलाचा वास येत होता. क्लेमेन्साने डोळे मिटून तो ओढून घेतला.

"आई," ती इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. "राहा ना..."

मिठी क्षणभर आणखी घट्ट झाली. एका हाताने तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. मग मिठी सुटली.

धक्क्यावरून परत आल्यावर अ‍ॅन्स्लम बराच वेळ गाडीतच बसून होता. क्लेमेन्साने त्याला पाणी नेऊन दिलं.

"काय झालं रे? आज जीभ कुठे गेली?"

"एलोडीकाकी जिना चढताना काय करायची, आठवतंय? डाव्या गुडघ्यावर हात दाबून?" तो पाणी प्यायला नाही. "ती पोरगी बोटीवर तशी चढली, क्लेमे. आणि वर जाऊन मागे बघितलंसुद्धा नाही."

त्या रात्रीपासून स्वप्न बंद झालं. दारात कोणी येईना, ताट दिसेना. क्लेमेन्सा गाढ झोपायची आणि उठल्यावर रडायची. दर शनिवारी ती शेवटच्या खोलीत ताट मांडायची. सकाळी दार उघडलं की अन्न तसंच असायचं, पेला काठोकाठ. कूकूला मुंगीसुद्धा लागायची नाही.

तीन आठवड्यांनी फोनवर सिग्नेचा निरोप आला. मजकूर लांबलचक होता, थँक्यूंनी भरलेला. पासपोर्ट वेळेवर सापडला म्हणून पुन्हा पुन्हा आभार. शेवटी लिहिलं होतं: 'एक गंमत सांगते. मी पोचले तेव्हा आईने दार उघडलं आणि म्हणाली, लवकर आत या दोघी, बाहेर थंडी आहे. तेव्हापासून ती रोज तीन ताटं मांडते. का ते तिलाही सांगता येत नाही. पण हल्ली ती फार आनंदात असते, रात्री गप्पा मारल्यासारखी एकटीच बोलत बसते. म्हणून मी काही म्हणत नाही.'

क्लेमेन्साने उत्तर लिहिलं, 'आईला जपा.' कोणाच्या, ते लिहिलं नाही.

खाली फोटो होता. काचेबाहेर बर्फ, आत दिव्याखाली जेवणाचं टेबल. सिग्ने हसत होती, तिची आई तिच्याकडे झुकली होती. तिसरी खुर्ची रिकामी होती. क्लेमेन्साने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तिसऱ्या ताटापर्यंत. ताट स्वच्छ होतं. कडेला माशाचे काटे लावलेले होते, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत.