वायर काढल्यावरही हलणारा काटा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या गॅरेजमध्ये, एका मंगळवारी भर दुपारी घडलेली आहे. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाचूच नये.

मामा मेकॅनिक. माझा सख्खा, बाकी सगळ्या गाडीवाल्यांचा मानलेला. डॅशबोर्डवरच्या काट्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. "काटा थापा मारतो. खरं काय ते इंजिनलाच विचारायचं," असं म्हणतो.

त्या दिवशी एक जण मोठ्या भावाचा ट्रक घेऊन आला. हा मोठा भाऊ सहा दिवसांपूर्वी त्याच ट्रकच्या सीटवर कोसळला होता. तेव्हापासून हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध.

"त्या दिवसापासून ऑईल प्रेशरचा काटा सारखा वरखाली होतोय, मामा. दादा शुद्धीवर आला की आधी गाडीचंच विचारेल. तेवढं बघा."

ऑईल पुरेसं होतं. मग मामाने नेहमीचं केलं. काट्याला प्रेशर कळवणारा इंजिनवरचा सेन्सर काढला, त्या जागी स्वतःचं मीटर बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

मामाचं मीटर स्थिर. प्रेशर ठणठणीत.

केबिनमधला काटा मात्र हलत होता...

वर. खाली. जरा थांबून पुन्हा वर.

मामा चमकला. सेन्सर तर त्याच्या हातात होता! वायर सुटी लोंबत होती.

त्याने इंजिन बंद केलं. चावी काढली. बॅटरीची तारही सोडवली.

काटा... वर. खाली.

आता एक आवाजही येत होता... अगदी बारीक. रिकाम्या सीटवरून. गाढ झोपलेला माणूस श्वास घेतो ना, तसा.

काटा त्या आवाजाबरोबर हलत होता.

घाबरला की मामाला राग येतो, ही त्याची जुनी खोड. "थांब, तुला उपटूनच काढतो!" म्हणत त्याने स्क्रू सोडवले आणि डॅशबोर्डमधलं मीटर खेचून बाहेर काढलं.

काटा वर होता... क्षणभर तिथेच थांबला. मग हळूहळू शून्यावर आला.

आवाज बंद झाला.

बाहेर सावलीत उभ्या असलेल्या धाकट्या भावाचा फोन वाजला. वहिनीचा होता. ऐकताच तो तिथूनच मामाला ओरडून सांगत हॉस्पिटलकडे पळाला.

दादा गेला होता. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी.

महिन्याभराने धाकटा भाऊ ट्रक न्यायला आला. डॅशबोर्डमधल्या भोकावरून त्याने बोट फिरवलं.

"मामा, हे मीटर तुम्ही कधी काढलंत? फोन यायच्या आधी, की नंतर?"

"नंतर," मामा म्हणाला. "बऱ्याच वेळाने."

त्याने मान हलवली आणि ट्रक घेऊन गेला.

खरं मामाने फक्त मला सांगितलंय. अजूनही जेवताजेवता त्याचा हात मध्येच थांबतो.

"मीटर तसंच राहू दिलं असतं तर गं?" तो विचारतो.