यहुद्यांच्या उतारावर यामना

बुलडोझरचं पिवळं धूड घरघरत वळणावरून वर आलं, तेव्हा यामना नेमकी त्याच उतारावरून खाली निघाली होती. डोक्यावर पावांची परडी, केसांत बदामाच्या दोन-चार पाकळ्या... झाडाखालून येताना पडलेल्या. यंत्राचं लोखंडी पातं एका दगडाला टेकलं.

तिने परडी खाली ठेवली आणि त्या दगडाशेजारी सरळ मांडी घालून बसली.

"ओ बाई!" वरून हाक आली. "उठा की! मला काम आहे."

"मलाही आहे."

"कसलं? बसायचं?"

"हो. बसायचंच."

यंत्र बंद पडलं. खाली उतरलेला माणूस तिशीचाही नसेल. भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या, त्याखाली डोळे मात्र हसरे. त्याने खिशातून कागद काढला. "हे बघा, शिक्क्यासकट आहे. दगडांचा माळ, रिकामी जागा. गुरुवारच्या बाजाराच्या गाड्या इथे उभ्या राहणार."

"रिकामी?" यामना म्हणाली. "डोळे उघडून बघा. सगळे दगड एकाच दिशेला कसे निजलेत? दोघांमध्ये सारखं हातभर अंतर कसं?"

तो चार पावलं पुढे गेला. वाकून पाहिलं. परत आला, तेव्हा टोपी हातात होती.

"कुणाच्या कबरी?"

"आमच्या तिलवीनच्या यहुद्यांच्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सगळी घरं देश सोडून गेली, एका आठवड्यात. हे तेवढे राहिले."

"एकावरही नाव नाही."

"कोरलेलं नाही म्हणून नाव नसतं का?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ठेकेदार असावा. तो यामनाकडे बघत बोलला, "साहेब, इंजिन तापलंय... हो, फारच... सांगता येत नाही, दोन-तीन दिवस तरी."

यामनाने परडीतला एक पाव काढून त्याच्या हातावर ठेवला. "लाच नाही. न्याहारी."

"लाच असती तर दोन मागितले असते," तो म्हणाला. "मी ईदिर. तिझनीतचा."

ती तशीच नगराध्यक्षांकडे गेली. हाज मौलूद काही वाईट माणूस नव्हता, पण गाड्यांच्या जागेचं वचन त्याने निवडणुकीत गावभर दिलं होतं. "पोरी, गोष्टी नकोत," तो म्हणाला. "नावं आण. गुरुवारी सभा आहे, तेव्हा बघू."

त्या दिवशी सोमवार होता.

यामनाचे वडील बिहि गावाची भट्टी चालवत. आता तिथे फक्त पाव भाजले जात, पण एके काळी शुक्रवारी संध्याकाळी यहुद्यांच्या हंड्याही येत, कारण शनिवारी त्यांच्यात चूल पेटवत नसत. गहू, चणे, मांस, अंडी, वर कणकेने बंद केलेलं झाकण. रात्रभर मंद आचेवर राहून शनिवारी दुपारी त्या घरोघर जात. बिहिंना घरं आठवायची ती हंड्यांवरून. "काठ चेपलेली मोची मर्दोखायची. लाल चिंधी बांधलेली हनीनाची..." आणि कुणी वारलं की सात दिवस त्या घरी पाव जायचा तो भट्टीतूनच. त्यामुळे कोण कधी गेलं आणि कुठे निजलं, हेही त्यांना ठाऊक होतं.

दुपारी भट्टी थंडावली की तिघं उतारावर जात. पुढे काठी टेकत बाबा, मागे वही घेतलेली यामना, आणि चुन्याची बादली नि कुंचला घेऊन ईदिर.

"मर्दोखाय," यामनाने सांगितलं.

त्याने लिहिलं. ती वाकली. "एक अक्षर खाल्लंत."

"तुमच्याकडे बघत लिहिलं की होतं असं."

"मग दगडाकडे बघा."

"दगड रागावत नाही हो... त्यात काय मजा?"

बाबा खोकले. दोघंही एकदम कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. पाकळ्या ओल्या चुन्यावर चिकटायला लागल्या. "अरे, कुंचला उभा धर ना! आडवा काय धरतोस?" यामना बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

ईदिरने सावकाश मान वर केली. "आता परत 'तुम्ही' म्हणू नका हं," तो म्हणाला. "म्हणजे... म्हणू नकोस."

तिने वहीत तोंड खुपसलं. लाल झालेले कान मात्र लपवता येईनात.

बुधवारी बाबा वरच्या रांगेत एका कबरीपाशी थांबले. मग त्यांनी जे सांगितलं, ते यामनाने शब्द न् शब्द उतरवून घेतलं.

गुरुवारी सभेत ती वही उघडून उभी राहिली. साठ कबरींपैकी चोवीस नावं. तेवीस वाचून झाली. मग एक सभासद म्हणाला, "कागद कुठेय? तुझा बाप म्हणतो म्हणून आम्ही मानायचं?" दोघं-तिघं हसले. शेवटच्या बाकावरचा ईदिर उठायला लागला. तिने नुसत्या नजरेने त्याला खाली बसवलं.

"चोविसावं नाव," ती मोठ्याने म्हणाली. "फ्रेहा वनूनू. सुईण. मौलूदकाका, तुम्ही पायाळू. तुमची आई दोन दिवस अडली होती आणि ओढ्याला पूर होता. सत्तरीची फ्रेहा कंबरभर पाण्यातून आली. पुढच्या वर्षी ती वारली, तेव्हा तुमची आई तुम्हाला कडेवर घेऊन तिच्यामागे त्या उतारापर्यंत चालली. वरच्या रांगेतली तिसरी कबर."

हाज मौलूदने चष्मा काढला. पुसला. परत घालायचं विसरला.

"आई तिचं नाव रोज घ्यायची," तो म्हणाला. "तिला पुरलं कुठे, हे मी कधी विचारलंच नाही..." आणि उठला. "चल पोरी. दाखव मला."

अख्खी सभा त्याच्यामागून उतारावर गेली. गाड्यांना ओढ्यापलीकडची जागा मिळाली. ठेकेदाराने यंत्र नेलं आणि ईदिरला कामावरून काढलं. इतकं तापणारं इंजिन त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं म्हणे.

ईदिर गेला नाही. उताराभोवती भिंत घालायची ठरली, त्याने दगड वाहिले, चुना कालवला. यामनाने उरलेल्या छत्तीस नावांचा ध्यास घेतला. अश्दोद, मार्सेय, ते लोक जिथे जिथे गेले तिथे पत्रं धाडली. उत्तरं येऊ लागली. एक नाव, मग तीन, मग एकदम पाच. प्रत्येक पत्र ती आधी ईदिरला वाचून दाखवायची. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

भिंत पुरी झाली. झाडांना हिरवे बदाम धरले.

"अगादीरच्या बंदरात काम मिळालंय," एका संध्याकाळी ईदिर म्हणाला. "शनिवारच्या बसने..."

"बरं."

"एवढंच?"

"वाटेत पाणी पीत जा."

शनिवारी सकाळी ती कणीक अशी तिंबत होती, की जणू तिच्यावर सूडच उगवायचा होता. बाबा म्हणाले, "ईदिर निरोप घेऊन गेला. दारात उभा राहिला बिचारा. तू मान वर केली नाहीस."

तिचे हात थांबले. "बाबा... ते सगळे गेले, त्या दिवशी तुम्ही काय बोललात?"

बाबांनी पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं. "चार बस आल्या होत्या. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. आमराम खिडकीत होता, माझा जिवाभावाचा दोस्त. दोघं सोळा वर्षांचे. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. वाटलं, मी 'थांब' म्हणून काय होणार? अजूनही वाटतं, थांबला नसताच तो. पण पोरी... ऐकून तरी गेला असता."

यामना तशीच धावत सुटली. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, डोक्यावरचा रुमाल मानेवर घसरलेला. बसचं इंजिन सुरू झालं होतं. ईदिर पायरीवर होता.

"ईदिर! थांब!"

तो वळला.

"थांब..." तिला धाप लागली होती. "भिंत झाली, ते ठाऊक आहे मला. त्यासाठी नाही. माझ्यासाठी थांब. इथे काम कुठलं मिळेल, मला माहीत नाही. जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही... नाही, खोटं कशाला बोलू? अडवणारच! मला तू हवा आहेस."

अख्खी बस खिडक्यांना चिकटली. कंडक्टर ओरडला, "अरे, चढतोस की उतरतोस?"

ईदिर उतरला. छतावरून त्याची पिशवी धप्पकन धुळीत पडली. त्याने तिचे पिठाळ हात हातात घेतले, सगळ्यांदेखत.

"महिनाभर वाट बघत होतो," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, ही बाई जगातल्या सगळ्यांची नावं शोधतेय... माझं कधी घेणार?"

"घेतलं ना? तेही ओरडून."

"मग आता?"

"आता बाबांना विचारायचं."

"मी विचारू?"

"नको, तू अडखळशील. मीच विचारते," यामना म्हणाली आणि त्याची पिशवी उचलून चालूही लागली. "तू फक्त मान हलव. आणि चल लवकर, भट्टीत पाव आहेत."