जवाची सातवी भाकरी

लुक्मान, आधी एक सांग. ज्यानं जन्मात कधी काही चोरलं नाही त्याच्यावर तू भरवसा टाकशील, की ज्यानं चोरलं आणि कुणी बघत नसताना परत नेऊन ठेवलं त्याच्यावर?

हसू नका रे. घाई नाही, कॉफी संपेपर्यंत विचार कर. उद्यापासून मशिदीतलं फित्र्याचं, ईदच्या दानाचं, धान्य तुझ्या ताब्यात येणार. घरातल्या प्रत्येक तोंडामागे एक माप, काल जन्मलेल्या पोराचंसुद्धा. गोरगरिबांच्या घरी ते तूच वाटणार. म्हणून विचारतो. मी शाळेत दोन हिवाळे काढले असतील नसतील, पण चाळीस वर्षं रवा-पीठ विकलं. पोत्यात हात घातला की दळण कुठलं ते सांगतो. माणसाचं तसं सांगता येत नाही.

तर आपल्या भट्टीवाल्या बूजेमाची गोष्ट. आठ वर्षांपूर्वीची, रमजानमधली. सत्ताविसावी रात्र.

आपल्या गावाच्या दोन आळ्या एकसारख्या का नाहीत, हे तुम्ही कधी विचारलंत का? वरची आळी आल्सासहून आणून वसवलेल्यांची. थंड मुलखातली माणसं ती. इथं बर्फ पडत नाही हे त्यांना कळेपर्यंत उंच उतरती छपरं चढवून झाली होती. प्रत्येक घराला तळघर, प्रत्येकाची स्वतंत्र भट्टी, शेजाऱ्याच्या विस्तवाशी संबंध नको. खालची आळी महोनच्या बेटावरच्यांची. बुटकी घरं, दरवर्षी चुना, अंगणाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं आणि सगळ्यांत मिळून एक भट्टी. दोघं आले समुद्रापलीकडून, गोऱ्या सरकारच्या एकाच झेंड्याखाली, पण एकमेकांच्या हातचा पाव खात नव्हते. आपल्या आज्या-पणज्या वर टेकाडावर, फड्या निवडुंगात. दोघांच्याही द्राक्षमळ्यात राबायला तेवढ्या चालत. देश स्वतंत्र झाला, ते गेले, घरं आपल्याकडे राहिली. आता वरच्या आळीतल्या भट्ट्यांत कोंबड्या बसतात, आणि ईदच्या आधी सगळ्या गावाचे मिठाईचे पत्रे खालच्या आळीतल्या त्या एका भट्टीत येतात.

बूजेमा तिथंच राहतो. पुढे भट्टी, मागे दोन खोल्या. त्या वर्षी त्याची म्हातारी आई होती, यम्मा खदूज. बायको होती, आणि वर्दिया नावाची मुलगी, जिची सोयरीक नुकतीच ठरत होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडचे शहरातून येणार होते, बोलणी पक्की करायला. शहरातली माणसं आधी ताट बघतात, मग मुलगी. आणि त्या वर्षी बदाम असे कडाडले होते की बूजेमाच्या बायकोनं बदामाचं नाव घेणंच सोडलं होतं.

भट्टीचा एक रिवाज आहे. पत्रा भाजून झाला की घरची बाई स्वतःच्या हातानं एक नग उचलून भट्टीवाल्यापुढे ठेवते. तो त्याचा वाटा. बूजेमा त्याआधीच्या ईदपासून आणखी एक घेत होता. बाई यायच्या आत, न विचारता. उरलेले नग बोटानं थोडे थोडे सरकवायचा, म्हणजे खाच दिसत नाही. त्या वर्षी एकेक करत त्यानं वर्दियाच्या पाहुण्यांसाठी एक ताट भरत आणलं होतं. फडक्याखाली झाकलेलं, सरपणामागे.

त्या रात्री तरावीहची नमाज आटोपली आणि बायकांची रीघ लागली. प्रत्येकीच्या पत्र्याच्या कोपऱ्यात तिच्या घराची खूण. कुणाचा हरभरा, कुणाचं ऑलिव्हचं पान, कुणाचं शर्टाचं बटण. बूजेमा भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होता. वरची आळी उजवीकडे, खालची डावीकडे.

वरच्या आळीतली मसऊदा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय रे बूजेमा, मागच्या ईदला माझे खजुराचे मक्रूत घरी पोचेपर्यंत आक्रसले होते."

"थंडी लागली असेल मावशी. वरच्या आळीत राहता ना तुम्ही."

बायका हसल्या. मसऊदा नाही हसली. "या वेळी मी मोजून आणलेत. बावन्न. एकावन्न झाले तर पुढच्या वर्षी सगळी आळी घेऊन शहरातल्या गॅसच्या भट्टीत जाते. बस मग इथं विस्तव फुंकत."

"भट्टीच्या आणाभाका घेऊ का आता?"

"आणाभाका नकोत. बावन्न दे."

ती गेली. बाकीच्याही गेल्या. पहाटे सहरीच्या जेवणाआधी नेऊ म्हणाल्या. भिंतीवर त्रेचाळीस रेघा होत्या. बूजेमानं त्या दोनदा मोजल्या, कारण मसऊदाचं बोलणं त्याला टोचलं होतं. टोचलं, तरी तिचा पत्रा भाजून निघाला तसा बावन्नातला एक फडक्याखाली गेलाच. हाताला सवय झाली होती.

एक वाजून गेला होता. मोबाईलवर पाहिलं त्यानं, एक वाजून दहा. आणि वीज गेली.

विजेचं काही नाही, आपल्याकडे जातेच. भट्टीच्या तोंडाचा उजेड होता. तो वळला, तर उंबऱ्यावर एक फळी. पत्रा नव्हे. लाकडाची, जुनी, मधोमध झिजलेली. तिच्यावर सात भाकऱ्या. जवाच्या. कच्च्या.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

रस्ता रिकामा होता.

आपल्या गावात जवाची भाकरी कोण करतं आता? आणि कोपऱ्यात खूणही नव्हती. खूण होती ती प्रत्येक भाकरीवरच. मधोमध चार बोटं दाबलेली. एखादी म्हातारी असेल वरच्या आळीतली, लाजून ठेवून गेली असेल. त्यानं चव्वेचाळिसावी रेघ ओढली आणि लांब दांड्याच्या फावड्यानं भाकऱ्या आत सारल्या.

भाजून बाहेर आल्या तेव्हा वास सुटला. तसा वास त्यानं लहानपणी एकदोनदाच घेतला होता. यम्माला साखरेचा आजार, गोड बंद. गेलं वर्षभर ती म्हणत होती, मरायच्या आधी एकदा जवाची भाकरी मिळावी रे. बूजेमानं एक उचलली. एप्रनमध्ये घातली. उरलेल्या सहा बोटानं सरकवल्या.

फळी उंबऱ्याजवळ ठेवून तो वळला...

आणि ती तिथं होती.

पांढरी चादर डोक्यावरून ओढलेली. चेहरा अंधारात. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत धूळ. तिनं फळीकडे पाहिलं. एक बोट पुढे केलं. भाकरीवर ठेवलं. मग दुसरीवर. तिसरीवर.

सहाव्यावर बोट थांबलं.

पुढे सरकलं. रिकाम्या फळीवर टेकलं. तिथंच राहिलं.

"सात होत्या," ती म्हणाली. अगदी हळू. भांडण नव्हतं आवाजात.

बूजेमाच्या पोटाशी ती भाकरी गरम लागत होती. "सहाच होत्या," तो म्हणाला.

ती काही बोलली नाही.

"सहाच होत्या, बाई. अंधारात चुकलं असेल मोजताना."

बोट फळीवरच...

"सात तोंडं आहेत," ती म्हणाली.

मग तिनं फळी उचलली, डोक्यावर ठेवली आणि टेकाडाच्या रस्त्याला लागली. तो बघत राहिला. त्या रस्त्याला वर घर नाही. चाळीस-पन्नास वर्षं कुणी राहत नाही तिथं.

पाठीला गार लागलं. तो वळला.

भट्टी विझली होती.

विझली म्हणजे कशी? ही भट्टी बंद केली तरी विटा दोन दिवस तापलेल्या असतात. त्यानं विटेवर हात ठेवला. गार. टाक्यातल्या पाण्यासारखी गार. आणि आत बारा पत्रे कच्चे. बाहेर मसऊदाचे भाजलेले बावन्न... नव्हे, एकावन्न. पहाटे सगळ्या बायका येणार. चार-पाच दिवसांत पाहुणे.

तो मागच्या खोलीत धावला. यम्मा जागीच होती. म्हातारी माणसं जागीच असतात.

"वास कसला येतोय?" ती म्हणाली.

त्यानं एप्रनमधून भाकरी काढून तिच्या हातात दिली. तिनं अंधारात ती चाचपली. बोटं मधोमध गेली. चार खळग्यांत तिची चार बोटं बसली... आणि तिनं निखारा टाकावा तशी भाकरी अंथरुणावर टाकली.

"कुठून आणलीस?"

"कुणीतरी ठेवून..."

"चोरलीस."



"मी पाच वर्षांची होते," यम्मा म्हणाली. "भुकेचं साल. त्यात टायफसची साथ. ही भट्टी तेव्हा सिंतेस नावाच्या महोनवाल्याची. वरच्या आळीतल्यांच्या भट्ट्या त्यांच्या घरी. खालच्या आळीतले त्याचे गाववाले, त्यांच्या पावाला तो हात लावायचा नाही. आम्हा टेकाडावरच्या बायांना मात्र रात्रीच यावं लागायचं, त्यांचं सगळं भाजून झालं की. आणि आमच्यातलं तो काढून घ्यायचा. न सांगता. उरलेल्या सरकवून ठेवायचा, म्हणजे खाच दिसत नाही."

बूजेमा खाली बसला.

"अशीच रात्र होती, सत्ताविसावी. एक बाई होती, चार बोटं दाबायची. शेवटचे जव तिचे. सात भाकऱ्या, घरात सात तोंडं. मी आईचा पदर धरून मागे उभी होते. तिनं मोजल्या. सहा. सिंतेस म्हणाला, सहाच होत्या. ती भांडली नाही रे. नुसती उभी राहिली. आणि आम्हीही कुणी बोललो नाही. आमच्याही भाकऱ्या त्याच्याच भट्टीत होत्या ना."

"मग?"

"तिच्या धाकट्याच्या वाटणीची गेली होती. ईदपर्यंत तो राहिला नाही."

तिनं अंथरुणावरच्या भाकरीकडे बोट केलं. म्हणाली, "जा. देऊन ये."

"यम्मा, वर कुणीही नाही."

"मग घाबरतोस कशाला? जा."

तो निघाला. मोबाईलचा उजेड पुढे धरून. मशिदीतला कुराणपठणाचा आवाज वळणापर्यंत सोबतीला होता. वळण घेतलं आणि तो तुटला. एकदम. दार लोटावं तसा.

दोन्ही बाजूंना निवडुंग. मध्ये पायवाट. कुत्री नाहीत. रातकिडे नाहीत. त्याच्या हातात भाकरी अजून गरम.

वर पडक्या भिंती. गुडघ्याइतक्या. एका उंबऱ्याच्या दगडावर ती फळी होती.

फळी रिकामी.

त्यानं भाकरी तिच्यावर ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला सुचेना. "सात होत्या," तो म्हणाला. "मीच घेतली."

शांत.

मग भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. लहान मूल खोकतं तसं. दोनदा...

तो पळाला. चप्पल तिथंच राहिली. पुढे कधी आणायला गेलाही नाही.

भट्टीत आला तर वीज आलेली. विटा तापलेल्या. पत्र्यांवर रंग चढत होता, जणू मधला तासभर झालाच नव्हता. बूजेमानं सरपणामागचं ताट ओढलं, फडकं काढलं. चोरलेला एकेक नग घेऊन तो जिथला तिथं ठेवू लागला. तुम्ही म्हणाल, कळणार कसं कुठला कुणाचा? अरे, भट्टीवाला आहे तो, प्रत्येकीचा हात ओळखतो. वरच्या आळीतल्या बायका डोंगराकडच्या, त्यांच्या मक्रूतात खजूर जास्त, कडा जाड. खालच्या आळीतल्या जुन्या शहरी घराण्यांतल्या, त्यांच्या बदामाच्या चंद्रकोरी नाजूक, संत्र्याच्या फुलाच्या पाण्याच्या. एकही नग चुकला नाही. ज्यांचे पत्रे आदल्या रात्री गेले होते, त्यांच्या दारी तो पहाटे जाऊन देऊन आला. तोंडानं सांगून. दोन घरी शिव्या खाल्ल्या.

मसऊदा सहरीच्या आधी आली. मोजले. बावन्न. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग एक मक्रूत त्याच्यापुढे ठेवला, थोडं थांबून दुसरा ठेवला.

"हा कशाला?"

"वर्दियाच्या ताटाला. मला काय डोळे नाहीत का?"

तिनं आळीत काय सांगितलं कुणास ठाऊक. फजरपर्यंत प्रत्येकीनं वाट्याचा एक ठेवला आणि वर एक. ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांच्याही घरून आला. पाहुणे आले तेव्हा ताट भरलेलं होतं, आणि वर्दियाची दोन मुलं आता आजोळी आली की माझ्या दुकानात येऊन सुकामेवा पळवतात. ते सोडा.

फजरची अजान झाली तेव्हा बूजेमा उंबरा झाडत होता. दगडावर काहीतरी होतं. त्यानं पोरगं पाठवून मला बोलावलं, कारण पिठाचं मला कळतं.

भट्टीवाल्याचा वाटा ठेवावा तशी ठेवलेली जवाची भाकरी होती. मधोमध चार बोटं. मी तुकडा मोडून चोळला. हाती लागलं ते गिरणीचं पीठ नव्हे, दगडी जात्याचं. त्यात बारीक कच. तसं जातं या गावात शेवटचं कधी फिरलं, मला आठवत नाही. पण मी हे नंतर पाहिलं. आधी दिसलं ते वेगळंच.

भाकरीच्या कडेला एक घास घेतलेला होता. एकच. दातांच्या खुणा स्पष्ट.

माझ्या नखाएवढे दात, लुक्मान. दुधाचे.

ती अजून भट्टीच्या कोनाड्यात आहे. जाऊन दाबून बघ. आठ वर्षं झाली, वाळलेली नाही.

चल, उशीर झाला. उद्या माप हातात घेशील तेव्हा तोंडं नीट मोज, बेटा. कुणी गप्प उभं राहिलं तर पुन्हा मोज. आणि वाटपाच्या वहीत जे खरं असेल तेच लिही.