उलट्या वाऱ्याचे पावणेदोन तास

सकाळी टोकियोहून निघताना चकोर मला म्हणाला होता, "घरच्यांना कळवा, परतीला जास्त वेळ लागेल." चकोर म्हणजे आमच्या सीटसमोर बसवलेला, नारळाएवढा यंत्रमानव. मी नुसती मान हलवली. जाताना नागपूरहून सव्वासहा तास लागले होते. अंतर तेच, विमान तेच, मग वेळ का बदलेल? कुंदाआत्याला मी सव्वासहाच सांगून मोकळी झाले होते.

मला लहानाचं मोठं केलं ते या आत्याने. घरातलं कोणी प्रवासाला निघालं की 'पोहोचलो' हा शब्द कानावर पडेपर्यंत ती जेवत नाही. पूर्वी ते चालून जायचं. आता तिला मधुमेह आहे.

सव्वासहा तास उलटले तरी खाली डोंगरच. माझी नऊ वर्षांची शाल्मली पडद्यावरचे आकडे बघत होती. जाताना ताशी साडेनऊशे किलोमीटर दिसत होते, आज साडेसातशे. तिने चकोरला विचारलं, विमान दमलंय का?

"विमान ठणठणीत आहे," चकोर म्हणाला. "दोन्ही वेळा त्याचा हवावेग (भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग) साडेआठशेच. पण हवा तरी कुठे एका जागी बसते?"

मग त्याने समजावलं. इतक्या उंचावर जेट प्रवाह असतो (पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा). हिवाळ्यात तो आणखी तेज होतो. टोकियो पूर्वेला, म्हणून जाताना त्याने आम्हाला पाठीमागून ढकललं. आता तोच समोरून येत होता.

शाल्मलीने सकाळी विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर उलटं पळून माझा ओरडा खाल्ला होता. तिचे डोळे चमकले. "म्हणजे मी पळत होते तेवढीच, पण फरशीवरून पुढे जात होते कमी."

"तोच भूवेग," चकोर म्हणाला (जमिनीच्या तुलनेतला वेग). साडेआठशेत वाऱ्याचे शंभर मिळवले की जातानाचा, वजा केले की येतानाचा. सहा हजार किलोमीटरला साडेसातशेने भागून शाल्मली म्हणाली, आठ तास. मग थबकून तिने मला विचारलं, "आई, आत्याआजीला हे कोणी सांगितलं?"

मी तर तिला सव्वासहाच सांगितले होते. पडद्यावरून फोन लावला. आत्या दिसली, कपाळावर घाम, हातातला फोन थरथरत होता. सकाळची मधुमेहाची गोळी घेतली होती, पोटात मात्र काहीच नाही, म्हणून रक्तातली साखर उतरली होती.

"आत्या, आधी साखर तोंडात टाक. मग जेव."

"तुमचे पाय जमिनीला लागू देत. एवढा उशीर? काहीतरी लपवतेस तू."

मी गयावया केली, रागावले. ती ढिम्म. शेवटी शाल्मलीने मला बाजूला सारलं.

"आत्याआजी, उशीर नाही गं. समोरून वारा आहे. विमानाला ते आधीच माहीत होतं, म्हणून त्याने निघतानाच जास्तीचं इंधन भरून घेतलं. आणि तू? तू तर टाकी रिकामी ठेवून निघालीस."

"आगाऊ आहेस," आत्या म्हणाली आणि साखरेचा डबा ओढला. तिने वरणभात संपवेपर्यंत आम्ही फोन ठेवला नाही.

उरलेला वेळ शाल्मली चकोरला विचारत बसली, वारा दिसेल असा नकाशा करता येईल का. तो म्हणाला, असे नकाशे आहेत, पण वारा रोज बदलतो, म्हणून ते रोज नव्याने करावे लागतात. तिला ते काम फार आवडलेलं दिसलं.

तुमच्याही घरचं कोणी आज आकाशात असेल, तर फोनच्या पडद्यावर सरकणारं त्यांचं विमान जरूर बघा. पण आधी घरी वाट बघत बसलेल्या माणसाला फोन करा, आणि जेवलात का, तेवढं विचारा.