आधी चालवून बघा

मुरुमहून उमरग्याला निघालेल्या एसटीत राजेश्वरी चादरीत गुंडाळलेला सीपीयू मांडीवर घेऊन बसली होती. गाडी खड्ड्यात आदळली की दोन्ही हातांनी त्याला पोटाशी धरायची. शेजारचा तरुण बराच वेळ गालात हसत होता.

"लई जपताय... काय दुखतंय लेकराला?"

तिनं चादरीचं टोक बाजूला केलं. "म्हातारपण. मुरुमचा दुकानदार म्हणतो, नवं विंडोज ह्याच्यावर चालत न्हाय, दुसरा घ्या."

"मग लिनक्स टाका की. फुकट मिळतंय, जुन्या मशीनवर बी पळतंय. पण आधी सांगा, काम काय करता?"

"लग्नपत्रिका."

"व्हय? मग बघूनच ठरवावं लागंल."

त्याचं नाव विरेश. उमरग्यात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा, आणि लिनक्सवर जावं की नको हे लोकांना ठरवून द्यायचं त्याला भारी वेड.

राजेश्वरीचं म्हणाल, तर वडील गेले, आई भावाकडं पुण्याला गेली, मागं मुरुमात उरली ती आणि पत्रिकांचं दुकान. अख्ख्या गावाच्या पत्रिका तिच्या हातनं गेल्या, तिची तेवढी राहिली. संध्याकाळी शटर ओढलं की बोलायला माणूस नाही. एकटीला भाकरीसुद्धा गोड लागत नाही हो.

बाजारच्या दिवशी विरेश दुकानात आला, पेनड्राईव्ह लावला.

"हे ह्याच्यावरूनच चालतं. जुन्याला धक्का न्हाय. वाटंल ते करून बघा, बंद केलं की सगळं पुसलं जातं."

"आणि न्हाय जमलं तर?"

"तर पेनड्राईव्ह घेऊन मी जातो माझ्या वाटंनं."

ते ऐकून तिला उगीचच वाईट वाटलं.

पेनड्राईव्ह तिच्याकडं ठेवून तो गेला. त्याच संध्याकाळी तिनं पत्रिकेचं सॉफ्टवेअर त्यात लावून बघितलं. उघडलंच नाही. वडिलांनी केलेली सगळी डिझाइनं त्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे निकाल लागलाच होता. पण बाईनं त्याला सांगितलं नाही. पुढच्या बाजारी प्रिंटरचं विचारलं, त्याच्या पुढच्या बाजारी मराठी टायपिंगचं. तो समजावत राहायचा, चहा निवून जायचा, आणि ती त्याच्या बोटांकडं बघत राहायची. मधले दिवस सरता सरत नसत. मग दिवेलागणीला ती पेनड्राईव्ह लावायची, कोऱ्या पानावर "विरेश" लिहायची, घटकाभर बघायची आणि मशीन बंद करायची. सकाळी काही उरत नसे, म्हणूनच तर धीर व्हायचा.

एका बाजारी तोच म्हणाला, "सगळं झालं, पत्रिका तेवढी राहिली. उघडा बघू."

आता टाळणार कशी? त्यानं दुपारभर खटपट केली. शेवटी उघडलं, तर अक्षरांची नुसती खिचडी.

"राजेश्वरी... तुम्ही बदलू नका." तो हळूच म्हणाला. "तुमचं पोट पत्रिकांवर हाय. जुन्या विंडोजवरच काम करा, फक्त इंटरनेटला जोडू नका, व्हायरस शिरंल."

त्यानं मशीन बंद केलं, पेनड्राईव्ह काढून खिशात टाकला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "हे चालत न्हाय म्हणून."

"मग सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता परत?... मला लई एकटं वाटतं हो, तुम्ही गेल्यावर."

विरेश दारातच थांबला. बाहेर भाजीवाल्यांची आवराआवर चालली होती. मग तो मागं आला, स्टूल ओढून बसला.

"जुनंच चालू करा. एक पत्रिका करायची हाय."

"कुणाची?" मशीन चालू करत तिनं विचारलं.

"माझी. नवरदेवाचं नाव टाका."

तिनं ते टाकलं. रोजच्या सवयीचं नाव, हात चुकला नाही. "आणि नवरीचं?"

"ते तिनं स्वतःच टाकायचं... तिची इच्छा असंल तर."

ती एकेक अक्षर टाकत गेली. राजेश्वरी.

"ह्यातलं पुसलं तर जात न्हाय ना?" त्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली, आणि सेव्ह केलं.